एमबीआरच्या मॉडेलमध्ये सीओडी जुळतो, टीएमपी जुळत नाही. कोणते स्थिरांक बदलू?

कोणतेच बदलू नका. सोलापुरातल्या टॉवेल प्रोसेस युनिटच्या एमबीआरला (जंतूंनी सांडपाणी साफ करून ते मेंब्रेनमधून गाळणारा प्लँट) तुम्ही एएसएम1 हे जंतूंच्या वाढीचं गणिती मॉडेल लावलंत, बाहेरच्या पाण्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) पहिल्याच फटक्यात जुळला आणि मेंब्रेनवरचा दाब, म्हणजे टीएमपी, मात्र जुळेना, असं लिहिलंय. मी तर आधी त्या जुळलेल्या सीओडीवरच संशय घेईन.

मेंब्रेनमधून गाळ निसटत नाही आणि एसआरटी, म्हणजे गाळ टाकीत राहण्याचा सरासरी काळ, 25 दिवस. एवढ्या वेळात जंतू पचण्यासारखं जवळजवळ सगळं संपवतात. बाहेर येतो तो मुख्यतः न पचणारा विरघळलेला सीओडी, आणि तो आकडा इनपुटमध्ये तुम्हीच भरलेला असतो. करून बघा: एएसएम1 चे 20 अंशांचे नेहमीचे स्थिरांक घेऊन जंतूंच्या वाढीचा कमाल वेग दिवसाला 6 वरून 3 केला, तर पचणारा विरघळलेला सीओडी साधारण 2.5 वरून 5.6 मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. रंगाच्या पाण्यात एवढा फरक कुणाच्या लक्षात येणार? तेव्हा कस लावायचा तो रोज काढलेल्या गाळाच्या वजनावर आणि ऑक्सिजन ओढण्याच्या वेगावर. शिवाय युनिटमध्ये सुताला लावलेली कांजी स्टार्चची आहे की पीव्हीए या कृत्रिम पॉलिमरची, हे विचाराच. स्टार्च जंतू पटकन खातात. पीव्हीएला सरावलेले जंतू लागतात. दोघांना एकाच खात्यात टाकलंत तर पुढचं सगळं गणित वाकडं.

आता दाब. एएसएम1 आलं 1987 मध्ये, सेटलिंग टाकी असलेल्या प्लँटसाठी. त्यात मेंब्रेनच नाही, मग टीएमपी कुठून येणार? त्यासाठी वेगळं समीकरण जोडावं लागतं: टीएमपी म्हणजे फ्लक्स (मेंब्रेनच्या दर चौरस मीटरमधून जाणारा प्रवाह) गुणिले पाण्याची चिकटता गुणिले एकूण रोध. रोधात मेंब्रेनचा स्वतःचा वाटा, वर बसलेल्या थराचा वाटा आणि छिद्रांत रुतलेल्या घाणीचा वाटा. चिकटता तापमानाने बदलते, म्हणून फ्लक्स आधी 20 अंशांवर आणा. टाकीत 32 अंश असताना मिळालेला 20 चा फ्लक्स (लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास) 20 अंशांच्या हिशेबाने जेमतेम 15 भरतो. आपल्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती विसरलात, तर मेंब्रेन तुंबत असूनही कागदावर ठणठणीत दिसतं.

आणि एक गोष्ट कुठल्याच समीकरणात सापडणार नाही. अक्कलकोट रोडवरच्या एका युनिटच्या प्लँटवर मी होतो. टीएमपी वर-वर जात होती, हायपोची (सोडियम हायपोक्लोराइटची) धुलाई केली की चार दिवस बरं, पुन्हा तेच. मी तीन आठवडे जंतूंनी सोडलेल्या, मेंब्रेन तुंबवणाऱ्या विरघळलेल्या चिकट पदार्थांचे स्थिरांक इकडेतिकडे करत बसलो. शेवटी मेंब्रेनचं मॉड्यूल वर उचललं, तेव्हा ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, हे बघा, आत चादर विणलीय." टॉवेलचे तंतू होलो फायबरभोवती (मेंब्रेनच्या पोकळ नळ्यांभोवती) वेणीसारखे गुंडाळले गेले होते. टाकीआधीची गाळणारी स्क्रीन उभ्या फटींची होती. लांब तंतू फटीच्या दिशेने सरळ होऊन त्यातून निसटतो. गोल छिद्रांची 1 मिलिमीटरची बसवली, मग फरक पडला.

मॉडेलच्या दृष्टीने बघितलं तर चूक क्षेत्रफळात होती. मी पूर्ण क्षेत्रफळ धरलं होतं, प्रत्यक्षात वेणीखालचा भाग बंद होता आणि उरलेल्या भागावर फ्लक्स वाढून थर झपाट्याने बसत होता. क्षेत्रफळ कमी धरून पुन्हा चालवलं, तर जुनेच स्थिरांक बऱ्यापैकी चालले. माझे तीन आठवडे मात्र पाण्यात गेले!

जाता जाता हवेचंही बघा. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या गाळाचं प्रमाण, 10 ग्रॅम प्रति लिटर असेल, तर ऑक्सिजन विरघळण्याचा अल्फा गुणक (स्वच्छ पाण्याच्या तुलनेत किती विरघळतो तो) 0.45 च्या आसपास येतो. स्वच्छ पाण्याचा आकडा टाकलात, तर मॉडेलमधला ब्लोअर खऱ्यापेक्षा कितीतरी लहान दिसेल.

रोजची टीएमपी, टाकीचं तापमान आणि धुलाईच्या तारखा एकाच आलेखावर काढून इथे टाका. कांजीचं उत्तर मिळालं तर तेही.