बेळगावात कॅथलिक प्राथमिक शाळा कॅम्प सोडून उपनगरात कशा आल्या?

सुरुवात कॅम्पातनंच झाली ओ, ब्रिटिशांची छावणी होती, पलटणीत कॅथलिक लोक होते, म्हणून चर्च, आणि चर्चला लागून शाळा. सेंट पॉल्स 1856 सालची, जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी काढलेली, त्या वेळी आत्ताचं टिळकवाडी उपनगर नव्हतंच. मग 1953 ला बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालचा भाग) झाला, त्याआधी बराचसा कारभार गोव्यातनं चालायचा आणि गोवा तर पोर्तुगीजांकडं.

उपनगरात शाळा येते ती बहुतेक हळूहळूच, आधी एलकेजी-युकेजी, मग दरवर्षी एक इयत्ता वाढवत जायची. वर्गात घरी कोकणी, मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकाच बाकावर, हे मला फार मोलाचं वाटतं, आणि त्यात कॅथलिक पोरं बऱ्याचदा थोडीच असतात बघा.

खरी ओढाताण माध्यमावरनं झाली. 1956 ला आपण मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, पुढं 1994 चा सरकारी आदेश आला की पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच शिकवायचं, तेव्हा इंग्लिश मीडियमच्या नव्या प्रायमरीला परवानगी मिळणं अवघड झालं. कर्नाटकात कितीतरी खासगी शाळा कागदावर कन्नड आणि वर्गात इंग्लिश अशा चालल्या. 6 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं माध्यम पालकांनी ठरवायचं असं सांगितलं. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना आरटीई (शिक्षण हक्क कायदा) लागू नाही असंही ठरलं, म्हणून आरटीईच्या 25 टक्के जागा तिथं मिळत नाहीत, अ‍ॅडमिशनला जाताना हे लक्षात ठेवा.