हात दिसला की फिस्सकन अंगावर येतो

प्रश्न : ताई, महिन्यापूर्वी आम्ही करड्या रंगाचा कॉकटील, म्हणजे तो तुरेवाला छोटा पोपट, आणला. पाच महिन्यांचा आहे, असं दुकानदार म्हणाला. दाणे घालायला पिंजऱ्यात हात घातला की तुरा मागे चपटा करून फिस्सकन अंगावर येतो. लेकीला दोनदा चावलाय. रात्री मध्येच वेड्यासारखा फडफडतो. शेजारचे काका म्हणतात, पंख कापा आणि एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप हातावर येईल. करावं का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काकांना चहा पाजा, पण त्यांचं ऐकू नका. कॉकटीलचं अख्खं वजन ८० ते १०० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवलं तर तो आजारी पडेल, माणसाळणार नाही.

त्याच्या बाजूने बघा जरा. आजवर त्याने हात पाहिला तो दुकानातल्या पिंजऱ्यात शिरणारा, कोपऱ्यात गाठून मुठीत धरणारा, खोक्यात कोंबणारा. त्याचा राग तुमच्या लेकीवर नाही, हातावर आहे.

माझा भुऱ्या आला तेव्हा मीही शहाणपणा केला होता. दुसऱ्याच दिवशी पिंजरा धुवायचा म्हणून त्याला नॅपकिनमध्ये पकडलं. पुढचे दोन महिने नुसता नॅपकिन दिसला तरी हा मागच्या जाळीला चिकटायचा. शेवटी मी त्याचा नाद सोडला. पिंजरा जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला आणि रोज दुपारी तिथे बसून भाजी निवडायला लागले. त्याच्याकडे बघायचं नाही, एकीकडे शीळ घालायची, बेसूर का होईना. दहा-बारा दिवसांनी तो पुढच्या दांडीवर आला आणि मान वाकडी करून मेथीकडे बघायला लागला. मी जाळीतून एक पान दिलं. खाल्लं नाही हो, खाली टाकलं. पण माझ्या बोटांतून घेतलं होतं! त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तुम्ही राळ्याचं कणीस घ्या. लांब देठाला धरा, म्हणजे चोच आणि बोट यांत वीतभर अंतर राहील, मग दोन-चार दिवसांनी थोडं थोडं कमी करा. तुऱ्यावर लक्ष ठेवा. सैल, किंचित मागे झुकलेला असेल तर मजेत आहे. ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कुतूहल आहे. डोक्याला चिकटला आणि फिस्कारला, तर तिथेच थांबून हात सावकाश मागे घ्या. आपण ‘नको’ म्हटलेलं यांना समजतं, एवढं त्याला कळलं की चावणं कमी होतं. पिंजऱ्यात आरसा असेल तर काढा, नाहीतर सगळं प्रेम त्या आरशातल्या पक्ष्यावर जातं.

पुढे कधीतरी तो मान खाली घालून डोकं पुढे करेल. नव्या पिसांवर तांदळाच्या कणीसारखं पांढरं टोपण असतं. स्वतःच्या डोक्यावरचं त्याला काढता येत नाही, जोडीदार काढून देतो. वाळलेलं टोपण बोटांत हलकेच चुरा. मुळाशी काळपट दिसणाऱ्या कोवळ्या पिसाला मात्र हात लावू नका, त्यात रक्त असतं. कुरवाळायचं ते डोकं आणि मान, पाठ नाही. भुऱ्याने पहिल्यांदा डोकं दिलं ते सातव्या महिन्यात. माझ्या काळ्या ब्लाउजवर पीठ सांडल्यासारखी त्याच्या पिसांची भुकटी! घरात कुणाला दमा असेल तर ही भुकटी त्रास देते, हे आत्ताच सांगून ठेवते.

पंख राहू द्या. बाहेर सोडताना खिडक्या लावा, पंखा बंद करा. आमच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टीच आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

रात्रीची फडफड कॉकटीलमध्ये नेहमीची. अंधारात काहीतरी हललं की ते घाबरून जाळीवर आपटतात. झिरोचा बल्ब चालू ठेवा, पिंजऱ्यावर कापड घालत असाल तर एक बाजू उघडी ठेवा. फडफड ऐकू आली तर आधी आवाज द्या, मग दिवा लावा. पिसातून रक्त येऊन थांबत नसेल तर सरळ डॉक्टरकडे. आणि रात्री पाल पिंजऱ्यावर चढते का, तेही बघा. आमच्याकडे तीच होती.