मोजलं काय, ते आधी सांग

प्रिय पोरा,

रात्रीचा तुझा मेसेज वाचला. सीजेसी-१२९५ आणि बीपीसी-१५७ ही दोन पेप्टाइडं (प्रथिनांच्या तुकड्यांसारखी छोटी रसायनं) स्नायू वाढवायला एकत्र घेऊ का, असं विचारतोस आणि पुरावा म्हणून उंदरांवरच्या प्रयोगाचा स्क्रीनशॉट जोडतोस. मेहनतीबद्दल तुला काही सांगायची गरज नाही. वाचायचं कसं, ते मात्र सांगावं लागेल.

सीजेसीची निरोगी माणसांवरची चाचणी २००६ साली छापून आली. एका इंजेक्शननं रक्तातलं ग्रोथ हार्मोन दुपटीपासून दहापटीपर्यंत वाढलं आणि सहा दिवस किंवा त्याहून जास्त टिकलं. जिममधला तुझा दादा हेच सांगत असणार, आणि तेवढं खरं आहे. पण मोजलं काय? रक्त. बारवरचं वजन कुणी मोजलं नाही.

बरं, ग्रोथ हार्मोन वाढून पुढे काय होतं? धडधाकट माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा २००८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. चरबी वगळता शरीराचं वजन सुमारे २ किलोनं वाढलं, पण ताकद वाढल्याचं दिसलं नाही. सूज आणि थकवा मात्र वाढला. त्या २ किलोंत पाणीही धरलेलं असतं, बाबा! ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या एमके-६७७ या औषधाची गतही तीच. (ते पेप्टाइड नव्हेच, पण विकणारे सगळं एकाच यादीत घालतात.) ६० ते ८१ वयाच्या ६५ जणांवर चाचणी झाली. वजन भरलं, ताकद नाही, आणि उपाशीपोटीची साखर चढली.

बीपीसीचं बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच संशोधक गटाचं, तेही उंदरांवर. माणसांत स्नायू वाढतात असं दाखवणारी धड चाचणी नाही. २०२२ पासून ‘वाडा’नं, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, त्यावर बंदी घातली आहे आणि तुला तर स्पर्धेत उतरायचंय. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं, ते कधी वाचलंस का? मोजलं काय, आणि कुणावर? दोन प्रश्न आहेत रे. तेवढेही विचारायचा कंटाळा?

या हट्टापायी माझ्याकडची तयार पोरं निघून गेली. सरांचं डोकं जुन्या काळात अडकलंय, म्हणाली. त्यांची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण जुनाट म्हणणं मला मान्य नाही. लोक क्रिएटिन या साध्या पूरक पावडरीला स्टेरॉइड समजायचे, तेव्हा मी ते पोरांना घ्यायला सांगत होतो आणि आईबापांची बोलणी खात होतो. कारण तिथं ताकद मोजली होती, माणसांवर मोजली होती. मी नव्याला कधीच नाही म्हणालेलो नाही.

आता आठवडाभराचं खाणं लिहून पाठव. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांपुढे स्नायूंना जास्तीचा फायदा दिसला नाही. तुझ्या ७० किलोंना ते ११२ ग्रॅम होतात. तू वरणभात आणि दोन अंड्यांवर दिवस काढतोयस, असा मला दाट संशय आहे. सोबत स्क्वॉटची वहीही पाठव. फोटो नीट काढ, मागच्या वेळी आकडे वाचता आले नव्हते.

तुझा,
सर