फूट-कँडल, अपोस्टिल्ब आणि हेफ्नर: उजेडाच्या जुन्या मापांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, आईला काचबिंदू आहे, तिची व्हिज्युअल फील्ड टेस्ट केली तर रिपोर्टवर ‘बॅकग्राउंड ३१.५ एएसबी’ असं छापलंय. हे लक्समध्ये किती होतात? (वाचक, पुणे)

उत्तर: एएसबी म्हणजे अपोस्टिल्ब. आता हे माप जवळपास कुठेच वापरत नाहीत, पण डोळ्यांच्या दवाखान्यात अजून टिकून आहे. त्याचं थेट लक्स करता येत नाही, कारण लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते आणि अपोस्टिल्ब म्हणजे तो पृष्ठभाग आपल्याला किती उजळ दिसतो ते. मोबाइलच्या स्क्रीनसाठी आपण निट म्हणतो ना, अपोस्टिल्ब त्याच जातीतलं. तेव्हा अपोस्टिल्बला पायने (π ने) भागा की निट मिळतात, ३१.५ भागिले ३.१४१६ म्हणजे जवळपास बरोब्बर १० निट. बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी १९४५ मध्ये ही टेस्ट करायचं जे यंत्र केलं त्यात पार्श्वभूमीचा उजेड एवढाच होता, आणि पुढच्या बऱ्याच यंत्रांनी तोच ठेवला.

तुम्ही विचारलं नाहीये पण हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं: रिपोर्टवरचे डेसिबलचे आकडे उलटे चालतात. याच टेस्टच्या हम्फ्री नावाच्या यंत्रात ० डेसिबल म्हणजे डोळ्याला दाखवतात तो सगळ्यात प्रखर उजेडाचा ठिपका, १०,००० अपोस्टिल्ब, म्हणजे साधारण ३१८३ निट, आणि दर १० डेसिबलला उजेड दहा पटीने कमी होतो, म्हणजे ३० डेसिबलचा ठिपका फक्त १० अपोस्टिल्बचा. इतका मंद ठिपका दिसला म्हणजे त्या जागी नजर चांगली, त्यामुळे मोठा आकडा बघून घाबरू नका. आणि वेगळ्या कंपनीच्या यंत्रावरचे डेसिबल एकमेकांशी लावून बघू नका, त्यांचं शून्य वेगळ्या उजेडाला असू शकतं. आईंचे रिपोर्ट शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावरचे ठेवा, म्हणजे डॉक्टरांना फरक नीट कळतो.

प्रश्न: आजोबांच्या फोटो स्टुडिओतलं वेस्टन मास्टर लाइट मीटर सापडलंय, त्यावर ‘कँडल्स पर स्क्वेअर फूट’ आहे. जुन्या अमेरिकन पुस्तकात मात्र फूट-कँडल आणि फूट-लँबर्ट. तिन्ही एकच का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही, आणि गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण १०.७६४ हा एकच आकडा दोन ठिकाणी येतो (एका चौरस मीटरमध्ये तेवढे चौरस फूट बसतात). फूट-कँडलला १०.७६४ ने गुणलं की लक्स मिळतात, कँडल्स पर स्क्वेअर फूटला त्याच आकड्याने गुणलं की निट मिळतात, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि एक्स्पोजर पार गडबडतं. फूट-लँबर्टला मात्र ३.४२६ ने गुणायचं, कारण त्यात पायचा (π चा) भागाकार आधीच झालेला असतो.

उदाहरण घेऊ. १८ टक्के परावर्तनाच्या ग्रे कार्डवर १०० फूट-कँडल उजेड पडतोय. मग कार्ड सरळ १८ फूट-लँबर्ट उजळ दिसणार, कसलाच भागाकार नको, आणि माझ्या मते हे माप त्यासाठीच सोयीचं होतं. निटमध्ये ते होतात सुमारे ६१.७ आणि तुमच्या मीटरवर सुमारे ५.७. तोच उजेड, तेच कार्ड, तीन वेगळे आकडे! पण एक, त्या मीटरमधला सेलेनियमचा सेल वयानुसार थकतो, म्हणून आधी चालू कॅमेऱ्याशी रीडिंग ताडून बघा, नाहीतर गणित बरोबर आणि फोटो काळा.

प्रश्न: टॉर्चच्या खोक्यावर ‘१० लाख कँडलपॉवर’ लिहिलंय, ल्यूमेन किती? (वाचक, सातारा)

उत्तर: झोत किती रुंद आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही, कारण ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडलपॉवर म्हणजे एका दिशेतली तीव्रता, आजचा कँडेला जवळपास तेवढाच. आकडा खरा असेल तर अंतराच्या वर्गाने भागा, १०० मीटरवर १०० लक्स पडतील.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी जुने जर्मन पेपर वाचतेय, त्यात हेफ्नर आहे, फ्रेंच पेपरात कार्सेल, इंग्रजीत नुसतं कँडल. नेमके गुणक द्याल का? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: देतो, पण पेपर कुठल्या देशाचा आणि कुठल्या सालचा हे आधी बघायचं. इंग्लंडच्या १८६० च्या कायद्यातली मेणबत्ती व्हेलच्या स्पर्मासेटीची (डोक्यातल्या मेणासारख्या पदार्थाची), एका पौंडात सहा बसतील एवढी, तासाला १२० ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी माप) जळणारी. फ्रान्सचा कार्सेल दिवा तासाला ४२ ग्रॅम तेल जाळायचा, त्याचे सुमारे ९.७ कँडेला होतात. जर्मन अभियंते हेफ्नर-आल्टेनेक यांचा १८८४ चा दिवा अमाइल अ‍ॅसिटेट या द्रवावर चालायचा, ८ मिलिमीटरची वातनळी आणि ज्योत बरोबर ४० मिलिमीटर उंच, त्याचा सुमारे ०.९ कँडेला. १९०९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कँडल ठरवली (सुमारे १.०२ कँडेला), जर्मनी मात्र हेफ्नरवरच राहिला, म्हणून १९२० च्या दोन पेपरांत नुसतं ‘कँडल’ दिसलं तरी आकडे सरळ शेजारी ठेवू नकोस. कँडेला हे नाव १९४८ चं.

दशांशाचे चार-चार आकडे कृपया लिहू नकोस. हेफ्नरची ज्योत हवेतल्या दमटपणाने मंदावायची आणि ती तांबूस असल्यामुळे पांढऱ्या दिव्याशी तुलना करताना गुणक थोडा हलतो, तेव्हा ०.९ पुरे. तक्त्यात मूळ आकडा त्याच्या मूळ मापासकट ठेव आणि शेजारच्या रकान्यात कँडेला दे.