सांडपाण्यावरची पालेभाजी धुतली की त्यातले शिसं, कॅडमियम हे विषारी धातू निघून जातात का?
शिसं बऱ्यापैकी जातं, कॅडमियम नाही. शिसं मातीला घट्ट धरून राहतं, मुळांच्या वर फारसं चढत नाही. पानांवर असतं ते बहुतेक धुळीतलं, चिखलातलं. चोळून धुवा. कॅडमियम मात्र जस्त-लोह ज्या वाटेने मुळांत शिरतात त्याच वाटेने आत जातं आणि पालक, लेट्यूसच्या पानांत साठतं. पालेभाज्यांतल्या कॅडमियमसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा किलोमागे फक्त ०.२ मिलिग्रॅम आहे. मुंबईत रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेला पालक मी तरी लहान मुलांना देणार नाही. टोमॅटो, काकडीसारख्या फळभाज्यांत कॅडमियम बरंच कमी उतरतं. परसबाग असेल तर मातीचा सामू (pH) तपासा: आम्ल मातीतून कॅडमियम जास्त शोषलं जातं, चुना घातला की कमी.