रक्तदाब वाढला, पण रक्त पोचतंय का?

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणाऱ्या रुग्णाला पूर्वी दाब वाढवायला डोपामिन लावत. आता नॉरअॅड्रेनॅलिन आणि जोडीला डोब्युटामिन लावतात. एकाने दाब वर येतो, मग दुसरं कशाला? आणि सिरिंज बदलताना दाब कोसळतो, त्याचं काय करावं?

उत्तर : नॉरअॅड्रेनॅलिन मुख्यतः रक्तवाहिन्या आवळतं. दाब चढतो, पण थकलेल्या डाव्या जवनिकेला (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला) त्याच चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. म्हणून मॉनिटरवर सरासरी दाब ६५ असूनही हातपाय गार, लघवी ताशी ०.५ मिलि/किलोच्या खाली आणि लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) चढतं, असं होतं. केवळ आकडा पाहून समाधान मानू नका. गुडघे गार आहेत का, हात लावून बघा.

अशा वेळी हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवायला डोब्युटामिन, मिनिटाला २ ते ३ मायक्रोग्रॅम/किलोपासून. मात्र ते वाहिन्या थोड्या सैल करतं. दाब फारच कमी असताना एकटंच लावलं तर तो आणखी घसरू शकतो, म्हणून आधी नॉरअॅड्रेनॅलिनने दाब सावरतात. दोन्हींचा डोस शक्य तितका कमी हवा, कारण जोर वाढला की हृदयाची प्राणवायूची गरजही वाढते आणि ठोके बिघडतात. बंद धमनी अँजिओप्लास्टीने उघडेपर्यंत तग धरायला ही औषधं आहेत. त्यांच्या भरवशावर कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती खोली) लांबवणं घातक.

डोपामिन मागे पडलं ते २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १,६७९ रुग्णांच्या चाचणीमुळे. त्यात अनियमित ठोके डोपामिनवर सुमारे २४ टक्के, नॉरअॅड्रेनॅलिनवर १२ टक्के रुग्णांत आढळले. हृदयजन्य शॉकच्या (हृदय कमजोर पडल्याने आलेल्या शॉकच्या) २८० जणांच्या उपगटात डोपामिनवर मृत्यूही जास्त होते.

आता सिरिंज. नॉरअॅड्रेनॅलिनचा परिणाम दोन-तीन मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे क्षणभराचा खंडही दिसतो. ४ मिग्रॅ औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये एकूण ५० मिलि केलं, तर ६० किलोच्या रुग्णाला ०.१ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट म्हणजे ताशी ४.५ मिलि. संपायच्या अर्धा तास आधी नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर चढवा, नळी भरून घ्या, पंप चालू करून टोकाला थेंब येताना बघा, मगच जोडा. नव्या सिरिंजमुळे रुग्णाचा रक्तदाब चढू लागला की जुनी हळूहळू कमी करा. त्या नळीतून दुसरं इंजेक्शन ढकलू नका. नळीत साठलेलं औषध एकदम आत जातं.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) नसल्यास सुईभोवतीची कातडी वारंवार पाहा. पांढरी, गार पडली तर त्या शिरेतून औषध थांबवून दुसऱ्या शिरेत लगेच सुरू करा. सुई काढण्याआधी तिच्यातून जमेल तेवढं औषध ओढून घ्या आणि डॉक्टरांना फेंटोलामिनबद्दल (आवळलेल्या वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाबद्दल) विचारा.