व्हीसेंटर ७ वरून ८ च्या नव्या अप्लायन्सवर जायचंय: डाउनटाइम किती मागू, आणि कोरंच इन्स्टॉल करू का?

तुम्ही लिहिलंय की चार होस्ट (व्हीएम चालवणारे खरे सर्व्हर) आहेत, साठेक व्हीएम (त्यांवर चालणारे आभासी सर्व्हर) आहेत, व्हीसेंटर (हे सगळं एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ७ वरून ८ वर जायचंय आणि साहेब म्हणतात दिवाळीच्या सुट्टीत रात्री उरकून टाका. त्या ‘रात्री उरकून टाका’मुळे मी उत्तर लिहायला बसलो. बाकीचं गाइडमध्ये आहे.

रात्री करू नका. सुट्टीत तर मुळीच नको.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. गाड्यांचे सुटे भाग बनतात, भट्टी विभाग वर्षभर पेटता असतो. २०२२ मध्ये आमच्याकडे सहा होस्ट होते, १४० च्या आसपास व्हीएम आणि व्हीसेंटर ६.७. त्याचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपणार होता, म्हणून ७ वर जायचं ठरलं. मी गणपतीआधीचा एक मंगळवार सुचवला होता, सकाळी अकराची वेळ. तेव्हाचे आमचे साहेब म्हणाले, कामाच्या दिवशी सर्व्हरला हात लावायचा नाही. त्यांनी ९ सप्टेंबर ठरवला. अनंत चतुर्दशी.

नाशिकचा माणूस असाल तर त्या दिवशी शहराचं काय होतं ते सांगायला नको. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की जुन्या नाशकात शिरणं विसरायचं. व्हेंडरचा इंजिनिअर सहाला येणार होता, तो साडेआठला पोचला. मी मात्र घरून दुपारीच निघालो होतो. आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो. लेक तेव्हा दुसरीत होती, विसर्जनाला मूर्ती मी उचलायची आणि तिने पुढे टाळ वाजवत चालायचं असं आमचं ठरलेलं. वडिलांनी संध्याकाळी फोन करून विचारलं, थांबायचं का? मी म्हटलं, नका थांबू.

नऊला सुरुवात केली. दोन टप्पे असतात ते तुम्हाला माहीत असेलच: आधी नवी अप्लायन्स (व्हीसेंटर जिच्यात चालतं ती तयार व्हीएम) तात्पुरत्या आयपीवर उभी करायची, मग जुनीतला डेटा तिच्यात ओढायचा, जुनी बंद होते आणि नवी तिचंच नाव आणि तिचाच आयपी घेते. पहिल्याच टप्प्यात अडलो. इंजिनिअरने नवी अप्लायन्स थेट एका होस्टवर टाकायला घेतली, तर नेटवर्कच्या यादीत निवडायला काहीच नाही. कारण आमचे सगळे पोर्ट ग्रुप (व्हीएम ज्यांना जोडतात ती नेटवर्कं) डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (सगळ्या होस्टवर पसरलेला, व्हीसेंटरने सांभाळलेला आभासी स्विच), आणि तेही स्टॅटिक बाइंडिंगचे, म्हणजे पोर्ट व्हीसेंटरच वाटतं. थेट होस्टवर टाकताना फक्त इफेमरल बाइंडिंगचा (पोर्ट होस्ट स्वतः देतो असा) डिस्ट्रिब्युटेड पोर्ट ग्रुप किंवा साध्या स्विचवरचं नेटवर्क दिसतं. जुनं व्हीसेंटर तेव्हा चालू होतं म्हणून दहा मिनिटांत इफेमरल पोर्ट ग्रुप बनवता आला. हे तुम्ही आज बनवून ठेवा, अपग्रेड करा किंवा न करा. व्हीसेंटर पडलेलं असताना तो बनवता येत नाही, आणि गरज नेमकी तेव्हाच पडते.

दुसरा टप्पा पावणेअकराला. डेटा आला, सव्वाअकराच्या सुमारास जुनी बंद झाली, नवी पहिल्यांदा उठायला लागली आणि तिथेच लटकली. सर्व्हिसेस उभ्याच राहीनात. लॉग चाळल्यावर कळलं की नवीला दिलेला डीएनएस (नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव सांगणारा सर्व्हर) चुकीचा होता. जुन्या वहीतला पत्ता. त्या सर्व्हरवरून नाव दिलं की आयपी मिळत होता, पण आयपी दिला तर नाव मिळत नव्हतं, कारण रिव्हर्स झोन (आयपीवरून नाव सांगणारी यादी) महिनाभरापूर्वी दुसरीकडे हलवला होता. डीएनएस बघणारा माणूस पुण्याच्या हेड ऑफिसला, त्याचा फोन बंद. सुट्टी होती त्याला, बंदच असणार.

मग ठरवलं, मागे फिरू. मागे फिरणं सोपं असतं: नवी बंद करायची, जुनी सुरू करायची. पण जुनी आहे कुठे? डीआरएस (भार वाटायला व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणारी सोय) पूर्ण ऑटोमॅटिकवर होतं, त्याने दिवसभरात जुन्या अप्लायन्सला कुठल्या होस्टवर नेऊन ठेवलं ते आम्ही लिहून घेतलं नव्हतं. व्हीसेंटर नाही म्हटल्यावर एकेका होस्टवर ब्राउझरने लॉगिन करून शोधायचं. होस्टचा रूट पासवर्ड पाकिटात, पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे ते आमचे अकाउंट्सवाले मिरवणुकीत ढोल वाजवत होते. मिरवणूक थांबल्यावर त्यांनी फोन पाहिला आणि तसेच गुलालाच्या कपड्यांत दीड वाजता प्लांटवर आले. त्यांचे उपकार मी आजही मानतो. चौथ्या होस्टवर जुनी सापडली. होस्ट पुन्हा जोडून सगळं हिरवं दिसायला अडीच वाजले.

मधल्या वेळात, साडेबारा वाजता, इंजिनिअर म्हणाला, ‘सर, कोरी टाकू या, होस्ट जोडू, अर्ध्या तासात मोकळे.’ साहेबही फोनवर म्हणाले, करून टाका. मी नाही म्हटलं. साहेबांना राग आला, तो पुढे बरेच महिने टिकला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, म्हणून नीट सांगतो. व्हीसेंटर प्रत्येक व्हीएमला स्वतःचा एक आतला क्रमांक देतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर साधारणपणे त्याच क्रमांकाने व्हीएम ओळखतं, नावाने नाही. कोऱ्या व्हीसेंटरमध्ये होस्ट जोडले की सगळ्यांना नवे क्रमांक पडतात. बॅकअपच्या नजरेत १४० व्हीएम नाहीशा झाल्या आणि १४० नव्या आल्या. रात्रीत सगळ्यांचा फुल बॅकअप सुरू, स्टोरेज भरलं, जुन्या साखळ्या तुटल्या. शिवाय परवानग्या, फोल्डर, रिसोर्स पूल, अलार्म, जुना इतिहास सगळं हाताने. नाव आणि आयपी तोच ठेवून माइग्रेट केलं तर हे क्रमांकही तेच राहतात. म्हणून कोरं टाकणं ‘स्वच्छ’ असतं हे मला पटत नाही. तुमच्या साठ व्हीएमसाठी माइग्रेटच करा. जुना डेटाबेसच खराब झालेला असेल किंवा दोन होस्टचं सेटअप असेल तरच कोरं.

आता मुख्य गोष्ट. सव्वाअकरा ते जवळजवळ दोन आमच्याकडे व्हीसेंटर नव्हतं. सकाळी मी भट्टीच्या तापमानाचा आलेख उघडला. ती नोंद घेणारी व्हीएम याच होस्टवर चालते. रात्रभराची रेघ सलग होती, एक मिनिटाचाही खंड नाही. व्हीसेंटर गेलं म्हणून व्हीएम थांबत नाहीत. एखादा होस्ट पडला तर हाय अव्हेलेबिलिटीही (त्याच्यावरच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू करणारी सोय) काम करते, तिचे एजंट होस्टवरच असतात. थांबतं ते व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), डीआरएस, नवी व्हीएम बनवणं आणि व्हीसेंटरमार्फत चालणारे बॅकअप. म्हणजे ज्या उत्पादनाला जपण्यासाठी मला विसर्जनाच्या रात्री बसवलं, त्या उत्पादनाला धोका नव्हताच. धोका होता तो माणसं नसण्याचा. डीएनएसवाला, तिजोरीची किल्ली, नेटवर्कवाला: ही सगळी माणसं मंगळवारी सकाळी अकराला एका हाकेवर असतात.

साहेबांना हे पटलं नाही. नऊ दिवसांनी पुन्हा रविवारी रात्री करवून घेतलं. या वेळी डीएनएस आधी तपासलेलं होतं, झालं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की रात्रच बरी.

ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत. व्हीसेंटर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता, आणि त्या दिवशी दसरा होता. मी नव्या साहेबांना भट्टीचा तो जुना आलेख दाखवला आणि ऑगस्टातला एक बुधवार मागितला. अकराला सुरू केलं. पहिला टप्पा चाळीस मिनिटं. दुसऱ्यात फक्त कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी घेतली, जुने इव्हेंट आणि परफॉर्मन्सचे आकडे सोडले, कारण वेळ त्यातच जातो. व्हीसेंटर नव्हतं ते पन्नास मिनिटं. अडीचला जेवायला बसलो. शॉपफ्लोअरवर कोणाला कळलंही नाही, सांगितलं तेव्हा एक सुपरवायझर म्हणाला, कधी केलं?

तुमच्यासाठी तयारी सांगतो, तीही आदल्या आठवड्यात, त्याच दिवशी नाही. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही डीएनएस स्वतः तपासा, नव्या अप्लायन्सला जो पत्ता देणार त्याच सर्व्हरवरून. जुन्या अप्लायन्सचा रूट पासवर्ड चालतो का ते बघा. तो ९० दिवसांनी संपतो आणि बहुतेकांना ते विझार्ड अडल्यावरच कळतं. एसटीएस सर्टिफिकेटची (व्हीसेंटरच्या लॉगिनसाठी लागणारं) मुदत बघा. ५४८० पोर्टवरच्या पानावरून फाइल बॅकअप घ्या, तो व्हीसेंटरच्या बाहेर ठेवा, आणि जुनी अप्लायन्स बंद करून एक स्नॅपशॉट. डीआरएस मॅन्युअलवर करा, जुनी कुठल्या होस्टवर आहे ते कागदावर लिहा, त्या होस्टचा पासवर्ड खिशात ठेवा. ८ ची सगळ्यात छोटी अप्लायन्सही १४ जीबी रॅम मागते, आणि माइग्रेशनच्या वेळी जुनी-नवी दोन्ही एकदम चालू असतात, तेवढी जागा आहे का बघा. आधी व्हीसेंटर, होस्ट नंतर. ८ चं व्हीसेंटर ६.७ आणि ७ चे होस्ट सांभाळतं, घाई नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्याकडे व्हर्च्युअल डेस्कटॉप असतील आणि लोकांनी सकाळी लॉगिन केलं की नवे डेस्कटॉप बनत असतील, तर माझा सकाळी अकराचा सल्ला तसाच घेऊ नका, लॉगिनची गर्दी ओसरल्यावर करा. दोन व्हीसेंटर लिंक्ड मोडमध्ये (एकाच लॉगिनखाली जोडलेली) असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट दोन्ही बंद असताना एकाच वेळी घ्यावा लागतो, आणि मागे फिरतानाही दोन्ही मिळूनच. एनएसएक्स (व्हीएमवेअरचं नेटवर्कचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याची आवृत्ती ८ शी जुळते का हे आधी, तेच बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं. आणि तुमच्या ७ वर अगदी अलीकडचा पॅच असेल तर ८ चा त्याच्याही नंतरचा आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) लागतो, जुन्या आयएसओने विझार्ड पुढे जाऊ देत नाही.

साहेबांना डाउनटाइमचा अर्ज द्याल तेव्हा एकच आकडा लिहू नका, दोन ओळी लिहा. उत्पादनाच्या व्हीएम: शून्य. व्हीसेंटरचं व्यवस्थापन: दोन तास, मागे फिरायला आणखी दोन. तारखेच्या रकान्यात दिवाळीनंतरचा मंगळवार किंवा बुधवार टाका, आणि खाली त्या दिवशी हजर लागणाऱ्या माणसांची नावं फोन नंबरसकट लिहा. सुट्टीच्या रात्रीसाठी हीच यादी भरून दाखवा असं साहेबांना सांगा.